माया शिवणीत ठेवा, हिशोबात नको

प्रदर्शनात स्टॉल लावला की एक तरी बाई अशी येते, जी कुर्ता अंगाला लावून बघायच्या आधी उलटा करून बघते. शिवण तपासते, आत माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जादा कापड, किती सोडलीय ते चिमटीत धरून पाहते. मग हळूच विचारते, "आमचंही घरचंच आहे हो. मी, जाऊबाई आणि सासूबाई. दहा वर्षं झाली, पण तेवढ्यातच फिरतंय. तुम्ही कसं वाढवलंत?" स्टॉलवर गर्दी असते, कुणाला सुट्टे द्यायचे असतात. मी काहीतरी अर्धवट सांगते आणि रात्री चुटपुट लागते. म्हणून एकदा बसून लिहून काढतेय.

आमचं थोडक्यात सांगते. ठाकूरद्वारला चाळीत दोन खोल्या. सासूबाई ब्लाऊज शिवायच्या. अण्णा, म्हणजे सासरे, मुळजी जेठा मार्केटात एका पेढीवर गुमास्ते. मी लग्न होऊन आले तेव्हा फोर्टला एका सीएच्या ऑफिसात खतावण्या लिहीत होते. शिवणाचं म्हणाल तर कापडाची सुलट बाजू कुठली तेही मला विचारावं लागायचं. आज गोरेगावला भाड्याचा गाळा आहे, सहा जुक्या (कारखान्यातली शिलाई मशिनं), एक ओव्हरलॉक (कापडाच्या कडा बांधायचं मशिन), महिन्याला नऊशेच्या आसपास नग. कुर्ते, खणाची जॅकेटं आणि खिसेवाले परकर (हसू नका, गावाला जाणाऱ्या बायका तीन-तीन नेतात). मोठा ब्रँड नाही, पण चार घरं त्यावर चालतात.

आधी घरातली वही काढा

वाढायचं म्हटलं की सगळ्यांना आधी नवी डिझाइनं आठवतात. आम्हीही तेच केलं. एका वर्षात बावीस डिझाइनं काढली, त्यातली सोळा कपाटात राहिली. तुमच्याकडे जे आहे आणि बाजारात कुणाकडे नाही, ते म्हणजे तुम्ही आजवर घेतलेली मापं.

सासूबाईंच्या मापांच्या लाल कापडी बांधणीच्या चोपड्या होत्या. प्रत्येक बाईचं एक पान. छाती, कंबर, मुंढा (बाही जोडतात ती काखेची गोलाई), दंड, पुढचा गळा, मागचा गळा. आणि शेजारी पेन्सिलीने त्यांची शेरेबाजी: "डावा खांदा उतरता." "घट्ट मागते, पण देऊ नये." "पाचवा महिना, टाके सैल." मी दोन महिने रात्री बसून चारशे पानं कॉम्प्युटरवर उतरवली. त्यात एक गोष्ट लख्ख दिसली. छाती ४० असलेल्या आमच्या गिऱ्हाइकांचा दंडघेर बहुतेक साडेतेरा ते पंधरा इंच. आणि बाजारातल्या तयार कुर्त्याच्या ४० नंबरच्या बाहीत मी टेप फिरवला तर तेरा. म्हणजे बाई छातीत बसणारा कुर्ता घेत होती आणि दंडात करकचून घेत होती, किंवा दंडासाठी एक नंबर मोठा घेऊन खांद्यात लोंबणारा घालत होती. आमचा पहिला धंदा या दीड इंचावर उभा राहिला.

वही नसेल तर पन्नास बायकांची मापं घ्या. ज्या तुमच्याकडून विकत घेणार आहेत त्यांचीच घ्या, पुतणीच्या कॉलेजातल्या मैत्रिणींची नकोत.

मग चांगल्या मास्टरकडून खाकी कागदावर एकच पॅटर्न पक्का करून घ्या. एकच. गळे, बाह्या, कापड बदलत राहील, पण खांदा-मुंढा-छाती हलवायची नाही. ज्या बाईला तुमचा ४० एकदा बसला, तिला पुढच्या वर्षीही डोळे मिटून ४० मागवता आला पाहिजे. ऑनलाइन विकणार असाल तर साइझ बदलून देण्यात होणारा कुरियरचा खर्च इथेच वाचतो.

पॅटर्न पक्का झाला का, हे बघायची आमची परीक्षा आरशासमोर होत नाही, लोकलमध्ये होते. लेडीज डब्यात वरची कडी धरून उभी राहिलेली बाई बघा. हात वर गेला की कुर्ता कमरेपासून वर सरकतो, पोट उघडं पडतं, आणि ती दुसऱ्या हाताने तो सारखा खाली ओढत असते. आमचे भाऊजी बेतायचे. त्यांनी म्हटलं, मुंढा खोल करू, हात मोकळा होईल. केला, आणि कुर्ता अजून वर सरकायला लागला. सासूबाई मशिनवरून न उठता म्हणाल्या, "खोल नको, वर घे." मला ते तेव्हा उलटंच वाटलं. पण बाही जिथे धडाला जोडली जाते ती जागा काखेच्या जितकी जवळ, तितका हात धडाला न ओढता वर जातो. मुंढा खाली उतरवला की हाताबरोबर अख्खी कूस, म्हणजे कुर्त्याची बाजूची शिवण, वर ओढली जाते. मुंढा अर्धा इंच वर घेतला, दंडात रुंदी दिली, बाहीच्या माथ्याची उंची थोडी कमी केली. नणंद तो नमुना घालून चर्चगेट ते कांदिवली उभी गेली आणि तिथून फोन केला, "नाही सरकला."

आता माया. तयार कपड्यांत कापड वाचवायला शिवणीत जेमतेम अर्धा इंच सोडतात. आम्ही कुशीला पाऊण इंचाहून थोडी जास्त माया ठेवतो. दोन कुशी, प्रत्येकीला पुढचा-मागचा मिळून चार पदर. प्रत्येकातून अर्धा इंच सोडला तरी दोन इंच, म्हणजे एक अख्खा नंबर सुटतो. बाई बाळंत होते, औषधांनी अंग वाढतं, वय होतं. कोपऱ्यावरचा शिंपी दहा मिनिटांत उसवून देतो. नगामागे दहा सेंटिमीटर कापड जास्त लागतं, १२० रुपये मीटरच्या कापडाला १२ रुपये. जाहिरातीवर मी आजवर जे घालवलंय त्यात या १२ रुपयांइतकं परत काहीच आलं नाही.

कापड

मंगलदास मार्केटात जा, मुळजी जेठात जा, अस्तराला-लेसला भुलेश्वर आहेच. पण तिथे जाऊन भारावून जायचं नाही. अण्णा सांगायचे, कापडाला आधी हात लावायचा, मग डोळा. एक धागा ओढून काडी लावा. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास आणि भुरभुरीत राख. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. "प्युअर कॉटन आहे ताई" म्हणणाऱ्यासमोरच ही काडी ओढा, भाव आपोआप खाली येतो.

पन्ना, म्हणजे कापडाची इंचातली रुंदी, विचारल्याशिवाय मीटरचा भाव ऐकू नका. ४४ पन्न्याचं १२० आणि ५८ पन्न्याचं १४५ यात दुसरं स्वस्त असतं, पण तोंडाला १२० गोड लागतो. एकाच लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, थान घ्या. दोन लॉटचा "तोच" रंग उन्हात शेजारी ठेवला की दोन रंग होतात, आणि पुढचा भाग एका थानातून, बाही दुसऱ्यातून कापली गेली तर तो नग गेलाच.

आमचा सगळ्यात महागडा धडा पायपीनचा, म्हणजे गळ्याच्या कडेला लावतात त्या बारीक गोठीचा. साय-रंगाचे साठ कुर्ते, त्यांना मरून पायपीन. कुर्त्याचं कापड धुऊन बघितलं होतं, पायपीन कुणी बघतं का! पहिल्या धुण्यात गळ्यापासून छातीपर्यंत गुलाबी ओघळ. एका ताईंनी फोटो पाठवला आणि खाली फक्त लिहिलं, "लेकीच्या डोहाळजेवणात घालणार होते." साठच्या साठ कुर्त्यांचे पैसे परत केले. तेव्हापासून नियम असा: पायपीन, लेस, अस्तर, गोंडा, जे जे रंगीत ते ते ओल्या पांढऱ्या रुमालाने घासायचं. आणि प्रत्येक थानातून तुकडा कापून त्यावर ५० बाय ५० सेंटिमीटरचा चौकोन आखायचा, धुऊन वाळवून परत मोजायचा. ४८ भरला तर ४ टक्के आटलं. ४० इंच लांबीच्या कुर्त्याचा दीड इंचाहून जास्त गेला. असं कापड आधी भिजवून घ्या किंवा लांबी वाढवून बेता.

नगाचा हिशोब

हा भाग कंटाळवाणा आहे, पण घरगुती धंदे इथेच बुडतात, म्हणून रुपयांनिशी मांडते. आमचा एक साधा सुती कुर्ता: कापड अडीच मीटर ३०० रुपये, बेतणं १५, शिलाई १००, काज-बटण १०, लेबल-टॅग-पिशवी १४, धागे कापणं-इस्त्री-पॅकिंग १६. झाले ४५५. बिघडलेल्या नगांपोटी १९ धरले, ४७४. गाळ्याचं भाडं, वीज आणि मदतनीस मिळून महिन्याला ५४ हजार. नऊशे नगांवर वाटले तर नगाला ६०. एकूण ५३४.

छापील किंमत ११९९. त्यातला ५ टक्के जीएसटी वजा केला की ११४२ उरतात. दुकानदार ३५ टक्के ठेवतो, आपल्या हातात ७४२. म्हणजे नगाला २०८ रुपये नफा. आम्ही किती तरी वर्षं याच आकड्यावर खूश होतो.

आता यात घरच्या चौघांचा पगार धरा. प्रत्येकी २७ हजार म्हटले तरी महिन्याला १ लाख ८ हजार, नगाला १२०. खर्च ६५४ झाला, नफा उरला ८८. दुकानदाराने दिवाळीनंतर २० टक्क्यांचा सेल लावला की आपल्या हातात येतात ५९४. म्हणजे प्रत्येक नगामागे आपण ६० रुपये पदरचे घालतोय आणि वर म्हणतोय, "या महिन्यात माल छान गेला." घरच्यांचा पगार धरला नाही तर तिथेही ६० रुपये नफाच दिसतो. माझा सीएच्या ऑफिसातला सगळा अनुभव घरात आल्यावर कुठे गेला होता कोण जाणे.

हे कळायला एक दिवाळी जावी लागली. तोवर गल्ल्यातून ज्याला लागतील तसे तो पैसे घ्यायचा. भाऊजींनी मुलाची फी भरली, आम्ही फ्रिज घेतला. नणंद कल्याणहून रोज यायची, सगळी प्रदर्शनं तीच करायची, पण सासरी गेलेली म्हणून गल्ल्याला हात लावायची नाही. आणि आम्हीही "घरचीच आहे" म्हणून विचारलं नाही. पाडव्याला ओवाळून झाल्यावर ती म्हणाली, "मला एका ऑफिसात नोकरी मिळालीय, एक तारखेपासून जाते." भांडण नाही, रडारड नाही. सासूबाई उठून आत गेल्या. आमची विक्री निम्म्याने तिच्या तोंडावर होती.

तिला थांबवायला आम्ही जे केलं ते तुम्ही आधीच करा. भागीदारीचा करार लेखी करा, कुणाचा किती टक्के, कुणाचा पगार किती. काम करणाऱ्या भागीदाराचा पगार करारात लिहिलेला असेल तरच तो आयकरात खर्च म्हणून मिळतो. एप्रिल २०२५ पासून भागीदाराचा पगार, व्याज वगैरे मिळून वर्षाला २० हजारांच्या वर गेलं की १० टक्के टीडीएसही (पैसे देतानाच कापून भरायचा आयकर) कापावा लागतो, त्याचं भान ठेवा. पगार एक तारखेला, खात्यात, सगळ्यांना. फ्रिज ज्याने त्याने आपल्या पगारातून घ्यावा.

आणि शेवटचा शब्द कुणाचा, तेही लिहा. मोठ्या घराण्यांनीही हेच केलेलं दिसतं. फॅशन डिझायनर अनिता डोंगरे यांनी बहीण मीना सेहरा आणि भाऊ मुकेश सावलानी यांना बरोबर घेऊन धंदा वाढवला, पण डिझाइनला चेहरा एकच राहिला. बिबा या कपड्यांच्या ब्रँडच्या मीना बिंद्रा यांनी बँकेच्या ८ हजारांच्या कर्जावर घरातून सुरुवात केली आणि मुलगे नंतर धंद्यात आले. आमच्यात कापड आणि बेतणं भाऊजी, विक्री नणंद, पैसे मी, कारीगर आणि गाळा माझा नवरा. माल पास-नापास फक्त सासूबाई. भाऊजींना नणंदेने मागवलेला रंग आवडला नाही तरी ते बोलत नाहीत. म्हणजे बोलतात, पण कापड आणतात.

कागदपत्रं पटकन

उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, सरकारी पोर्टलवर फुकट होते, पैसे मागणारी वेबसाइट दिसली की बंद करा. कपड्यांच्या नावाचा ट्रेडमार्क वर्ग २५ मध्ये येतो. एकट्या माणसाला किंवा उद्यम असलेल्या लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी ४५०० रुपये, नोंदणी १० वर्षांची. नाव आधी शोधून बघा, शोध फुकट आहे. आम्ही आधी लेबलं छापली, मग शोधलं. दोन हजार लेबलं अजून घरात आहेत, नातवंडं त्यावर चित्रं काढतात.

जीएसटीत २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे थेट १८ टक्के आहे. कर सोडून २५०० चं जॅकेट गिऱ्हाइकाला २६२५ ला पडतं. तेच तुम्ही २६०० केलंत तर ३०६८. तुम्ही शंभर वाढवले, तिच्या पर्समधून ४४३ जास्त गेले. या उंबरठ्यावर किंमत लावताना शंभरदा विचार करा.

विकायचं कसं

पहिली दोन-तीन वर्षं प्रदर्शनं करा. दादरला वनिता समाज, पार्ल्याला लोकमान्य सेवा संघ, ठाण्यात, डोंबिवलीत. भाडं जातं, पाय दुखतात, पण गिऱ्हाइकाच्या तोंडून खरं ऐकायला मिळतं. स्टॉलवर विक्रीच्या वहीशेजारी दुसरी वही ठेवा: ज्याला "नाही" म्हटलं ती. "डबल एक्सेल नाही." "काळ्यात नाही." "खिसा एकाच बाजूला." संध्याकाळी ही वही वाचायची. आमचं डझनाचं प्रमाण त्यातूनच ठरलं: एस एक, एम दोन, एल तीन, एक्सेल तीन, डबल एक्सेल दोन, ट्रिपल एक. इतरांकडे पाहून आम्ही एम जास्त बनवायचो आणि तेच उरायचे.

पंचांग हे आपलं खरं सेल्स कॅलेंडर. संक्रांतीला काळं जातं. काळा खण, काळा सुती, चंद्रकळेसारखी बारीक बुट्टी. तो माल डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात टांगलेला हवा आणि १४ जानेवारीनंतर सवलतीतही कुणी विचारत नाही. गणपती-नवरात्राचं हातछपाईचं कापड पावसाळ्याआधी घरात आणा, पावसात छपाई वाळत नाही आणि तारखा पुढे जातात. नवरात्राच्या नऊ रंगांच्या मोहात तर अजिबात पडू नका. नऊ रंगांत सारखाच माल केला की लाल-हिरवा पहिल्या दोन दिवसांत संपतो आणि राखाडी पुढच्या नवरात्रापर्यंत तुमच्याकडे बघत बसतो.

दुकानांना माल देणार असाल तर उधारी लिहून घ्या. एका उपनगरातल्या दुकानाने आमचे सव्वा लाख सात महिने फिरवले, दर वेळी चहा मात्र छान पाजला. तुम्ही उद्यम-नोंदणी असलेले लहान उत्पादक असाल तर लेखी करार असतानाही जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचा नियम आहे, करार नसेल तर १५. उशीर केला तर खरेदीदाराला तो खर्च पैसे दिलेल्या वर्षीच दाखवता येतो. बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि मार्च उजाडायच्या आधी एकदा आठवण करा. त्यांच्या सीएचा फोन त्यांना जातो, मग पैसे येतात.

गाळा कधी घ्यायचा? घरात माल ठेवायला जागा नाही म्हणून घेऊ नका. सलग सहा महिने बाहेरून शिवून आणलेल्या नगांची मजुरी गाळ्याच्या भाड्याहून जास्त गेली, तेव्हा आम्ही घेतला. तोवर धारावीतून जॉबवर्क करून घ्यायचो. कारीगर ईदेला, छटपूजेला, लग्नसराईत गावी जातात आणि जायलाच हवेत. त्यांना दोन महिने आधी तारीख विचारा, कटिंग त्याप्रमाणे लावा. ऐन वेळी चिडण्यात अर्थ नसतो. गणपतीत तुम्ही तरी कामावर असता का?

सासूबाई आता ८१ वर्षांच्या आहेत, गाळ्यावर येत नाहीत. प्रत्येक लॉटमधले तीन नग घरी ठाकूरद्वारला जातात. त्या खिडकीपाशी बसून उलटे करून बघतात आणि चुकलं असेल तिथे लाल दोऱ्याची गाठ मारतात. बोलत काही नाहीत. परवा राखाडी कुर्त्यांच्या खिशाला गाठ आली. भाऊजींनी टेप लावला, उजवा खिसा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली. नणंदेने विचारलं, "अर्धाच तर आहे, जाऊ द्यायचं का? ऑर्डरी थांबल्यात." कुणी उत्तर दिलं नाही. आज सकाळपासून गाळ्यावर साठ कुर्त्यांचे खिसे उसवणं चालू आहे. ज्यांनी मागवलेत त्यांची पार्सलं सोमवारी निघतील.